पप्पूची मिशी

लेन्स घटस्थापनेच्या दिवशी आली आणि आश्रुबाच्या डोक्याचा ताप त्याच दिवशी सुरू झाला.

कुरिअरवाल्यानं काउंटरवर खोकं ठेवलं तेव्हा ज्योती फोटो स्टुडिओत मोजून तीन माणसं होती. खोक्याची चिकटपट्टी निघेपर्यंत ती अकरा झाली. कडा गावच्या एसटी स्टँडसमोर दुकान असण्याचं हे सुख. खोक्यातून फोम निघाला, फोमच्या आतून काळा डबा, आणि डब्यातून मऊ कापडात गुंडाळलेली लेन्स. नुसतं धातू आणि काच, प्लास्टिकचा कण नाही. किराणा दुकानातल्या लोखंडी वजनासारखी जड. आश्रुबानं फोकसची रिंग हळूच फिरवून पाहिली. तुपात बुडवून काढल्यासारखी फिरली, ना सैल ना घट्ट. सत्तावीस वर्षं फोटोच्या धंद्यात काढली, पण अशी वस्तू हातात आली नव्हती. त्याला खरोखर भरून आलं.

"काय हाय हे?" भगवानरावांनी विचारलं. पंचायत समितीचे माजी सभापती असल्यामुळे गावातलं कुठलंही खोकं आपल्यासमोरच उघडलं पाहिजे असा त्यांचा समज होता.

"लेन्स हाय. परदेशातली. पुण्याच्या कंपनीनं तपासायला पाठवलीय."

"झूम किती व्हती?"

"झूम न्हाई हिला. पन्नास एमएमची हाय. आपल्या नजरेला दिसतं साधारण तसंच दाखवती."

"बरं. फोकस तर आपोआप व्हत आसंल?"

"न्हाई. हातानं जुळवावा लागतो."

भगवानरावांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांचं लक्ष आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे गाय दूध देत न्हाई, गोठ्यात उभी राहत न्हाई, आन किंमत म्हशीच्या दुप्पट. मंग आणली कावून?"

दुकान हसलं. पुढचे दहा दिवस हाच प्रश्न आश्रुबाला चहावाल्यानं विचारला, न्हाव्यानं विचारला, आणि फोनवरून सासूनंही विचारला. लेन्स तपासायला पाठवली होती आश्रुबाकडे, पण तपासली सगळ्या कड्यानं. ज्यानं त्यानं हातात घेऊन तोलली, उन्हाकडे धरून आरपार बघितली, आणि ऑटो नाही म्हणजे नापास असा निकाल देऊन परत केली.

आश्रुबाला मात्र या लेन्सवाचून दुसरं काही सुचत नव्हतं. पुण्याची ती कंपनी परदेशी लेन्सा आणून विकायची. तिथल्या मनिषा मॅडमनी त्याचे इंटरनेटवरचे जुने फोटो पाहून स्वतःहून फोन केला होता. शहरातले लोक कॉफीचा कप आणि गॅलरीतलं मांजर यांचेच फोटो पाठवतात, आम्हाला उन्हातला, धुळीतला, माणसांमधला अनुभव हवाय, असं त्या म्हणाल्या. दहा फोटो काढायचे, दोन पानी मत मराठीत लिहायचं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेन्स परत धाडायची. मत भरवशाचं वाटलं तर दर दोन महिन्यांनी एक लेन्स कड्याला येणार आणि परीक्षक म्हणून आश्रुबाचं नाव लागणार.

हे काम त्याला हवंच होतं. गुडघे लग्नात उभं राहू देत नव्हते. ड्रोन उडवणारी पोरं मांडवात त्याला "काका, जरा बाजूला" म्हणायला लागली होती. मागच्या उन्हाळ्यात एका नवरदेवानंच तसं म्हटलं आणि आश्रुबा त्या दिवशी जेवला नव्हता. वय झालं म्हणून हाकलत नाहीत, उलट वय झालं म्हणूनच बोलावतात, असं हे एकच काम त्याच्या दाराशी आलं होतं. ते गेलं तर पुढं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, एवढंच उरत होतं.

शिवाय फोकस हाताचा, म्हणजे हा तर त्याच्या घरचाच मामला. रिळाच्या जमान्यात छत्तीसपैकी एक फोटो अंधुक निघाला तरी आश्रुबा स्वतःला शिव्या घालायचा. "आश्रुबाचा फोटो म्हंजे पापणी मोजून घ्या" असं आष्टीपर्यंत बोललं जायचं. नव्या पोरांनी लेन्सला नावं ठेवली की तो एकच म्हण ऐकवायचा, नाचता येईना अंगण वाकडं. नव्या कॅमेऱ्यात फोकस जुळला की कडांना लाल रेघा दाखवायची सोय असते. ती त्यानं पहिल्याच दिवशी बंद केली. मागचा स्क्रीन बघून फोकस करणं तर त्याच्या लेखी चमच्यानं भाकरी खाण्यासारखं होतं. डावा डोळा मिटायचा, उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावायचा, आणि रिंग फिरवायची. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला. चंद्रभागाबाई नेहमीच्या जागी भाजी मांडून बसली होती. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं ठरवलं होतं, कारण महागड्या लेन्सची खरी परीक्षा तिथंच होते. अशा वेळी फोकस इतका बारीक लागतो की एक डोळा स्पष्ट आला तर नाकाचा शेंडा पुसट होतो. त्यानं डोळा लावला. आत सगळं जरा दुधाळ दिसत होतं. त्यानं शर्टाच्या टोकानं खिडकीची काच पुसली. बाजारात धूळ किती ती. रिंग फिरवली, जुळल्यासारखं वाटलं, आणि खटका दाबला.

"झालं का रं?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"थांब मावशी, आजून एक."

"सकाळपून तेच म्हणायलास. गिऱ्हाईक फोटो काढाया येतंय का भेंडी घ्यायला?"

कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर फोटो झकास वाटले. दुकानात येऊन मोठ्या मॉनिटरवर बघितले तर तीस फोटोंत एकातही चंद्रभागाबाईचे डोळे नीट नव्हते. ही बाई एका जागी बसत नाही, दर मिनिटाला तराजू उचलते, असं म्हणून आश्रुबानं ते फोल्डर बंद केलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं शाळेतल्या मास्तरांना उभं केलं. मास्तर बोलायचे थांबेनात. चौथ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिंकलं. पाचव्या दिवशी वारा होता. रोज संध्याकाळी तो मॉनिटरसमोर बसायचा आणि रोज कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायचा. या गावात माणूस म्हणून जन्माला आलेला एकही जण दोन सेकंद गप्प उभा राहू शकत नाही, हे त्याचं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलं.

सहाव्या दिवशी सिदू आणि त्याची बायको बायनाबाई आली. दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला निघणार होती, ती थेट उन्हाळ्यातच परतणार. पोरगी वसतिगृहात राहणार, तिच्याजवळ ठेवायला दोघांचा जोडीनं फोटो हवा होता. बायनाबाई नव्या लुगड्यात दाराच्या उजेडात उभी राहिली ती दगडी खांबासारखी. फोटो म्हणजे श्वास धरायचा, हे तिला आईनं शिकवलं होतं. आश्रुबा रिंग पुढं-मागं फिरवत राहिला. खिडकीशेजारची नजरेचा नंबर जुळवायची चकतीही फिरवून झाली. बायनाबाईचा चेहरा लाल पडायला लागला.

"हालू नको," तो तीन वेळा म्हणाला.

"ती हालंना झालीय, फोटोवाले," सिदू म्हणाला. "मरंल आता. उरका."

फोटो अंधुकच आला. आश्रुबानं मुकाट्यानं जुनी ऑटो लेन्स लावली, एका झटक्यात फोटो काढला आणि छापून दिला. बायनाबाईनं तो बघून "लई ब्येस" म्हटलं आणि पदराच्या आत ठेवला. पण बायनाबाई हलली नव्हती. ही गोष्ट आश्रुबाच्या मनात ताटातल्या खड्यासारखी दाताखाली येत राहिली, आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत राहिला.

मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं हत्यार पुजलं जातं. ऊसतोड्यांचे कोयते, सुताराचा रंधा, ट्रॅक्टरवाल्याचा ट्रॅक्टर. आश्रुबाच्या घरी कॅमेरे. सकाळी तो फुलं आणायला गेला आणि त्याची बायको उज्ज्वला हिनं पाटावर सगळी मांडामांड केली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर, तिवईच्या मानेवर, प्रिंटरच्या झाकणावर, शिलाई मशीनच्या चाकावर तिनं हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग तिला नव्या पाहुणीची आठवण झाली. परक्या घरून आलेली वस्तू, पहिला मान तिचा. कपाटातून लेन्स काढली, झाकण काढलं, आणि हिचं कपाळ कुठं असा क्षणभर विचार केला. समोर एवढी गोल, चकाकती काच होती. उज्ज्वलानं पाण्यात भिजवलेलं कुंकू बरोब्बर तिच्या मधोमध लावलं, वर चार अक्षता ठेवल्या आणि हात जोडले.

आश्रुबा दारात आला, बघितलं, आणि हातातला झेंडूचा पुडा तिथंच पडला.

"बावीस वर्षं फोटोवाल्याच्या घरात काढलीस," तो बोलायला लागला तो थांबेना. "काचेला बोट लावू न्हाई एवढं बारक्या लेकराला कळतं. लोकाची वस्तू हाय ती. उद्या मी पुण्याला काय तोंड दाखवू? झालं, गेलं माझं काम. तू घालवलंस."

"देवीम्होरं ठिवलीती," उज्ज्वला हळू आवाजात म्हणाली. "वाईट व्हावं म्हणून न्हाई."

"तुझी देवी भरून देणार हाय का?"

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलतानाच कळलं होतं. पण रागाच्या भरात माणूस एकदा उताराला लागला की मध्ये थांबत नाही. उज्ज्वला उठली आणि आत गेली. नऊ दिवसांच्या उपासानं तिचा चेहरा आधीच उतरला होता, तो आणखी उतरला.

आश्रुबानं दीड तास लेन्स साफ केली. फुंकणी, ब्रश, पातळ औषध, मऊ कापड. काच आरशासारखी झाली. फक्त कडेला, रिंगच्या खाली, केसाएवढी गुलाबी रेघ राहिली, ती बॅटरी मारल्यावरच दिसायची. त्यानं लेन्स कॅमेऱ्यावर चढवून डोळा लावला. आत धुकं. तेच दुधाळ धुकं. "बघ," तो रिकाम्या खोलीला म्हणाला, "उतरलं न्हाई कुंकू." आठ दिवसांच्या वैतागाला शेवटी एक नाव सापडलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला जरा बरंच वाटलं.

त्याच दुपारी भगवानराव आले. दसऱ्याच्या शुभेच्छांचा फ्लेक्स स्टँडवर लावायचा होता, जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. फोटो त्याच भारी लेन्सनं पाहिजे, असं ते हटून बसले. नुसता हात जोडलेला कापीव फोटो नको, माणसांतला नेता दिसला पाहिजे. म्हणून पुढं भगवानराव आणि मागं चार कार्यकर्ते. त्यात त्यांच्या खांद्यामागून डोकावणारा पप्पू, ज्याला मिशीशिवाय दुसरं कर्तृत्व नव्हतं. आश्रुबानं तीन फोटो काढले. चौथ्याला भगवानरावांचा फोन वाजला आणि ते उठून गेले. ऑटो लेन्सनं एक काढून ठेवू म्हटलं तर ऐकायला माणूसच नव्हता.

एरवी स्टुडिओतून कुठलाही फोटो उज्ज्वलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. अल्बम, रंग, काटछाट, सगळं तीच करायची. त्या दिवशी ती आतल्या खोलीत होती आणि तिला हाक मारायचं तोंड आश्रुबाला नव्हतं. पप्पूनं पेनड्राइव्ह पुढं केला, आश्रुबानं त्यातल्या त्यात बरा वाटलेला फोटो टाकला, आणि तो आष्टीला छापायला गेला.

दसऱ्याच्या सकाळी साडेसात वाजता फोन वाजला.

"आश्रुबा," भगवानराव म्हणाले, आवाज अगदी थंड, "स्टँडवर फ्लेक्स कुणाचा लागलाय? माझा का पप्पूचा?"

"तुमचाच की आण्णा."

"मंग मी कावून धुक्यात हाय? पप्पूच्या मिशीचा केस न् केस दिसायलाय. गाव म्हणायलंय, आण्णा आता मागं, पप्पू म्होरं. तिकीट त्यालाच हाय म्हणं. त्या हरामखोरानं फ्लेक्स ष्टेटसला ठिवलाय. तुला कुणी पैसे चारले, एवढंच सांग."

आश्रुबानं फोन ठेवला, बाहेर जाऊन बघायची हिंमत केली नाही, शटर अर्धं ओढलं आणि मत लिहायला बसला. उद्या सकाळी कुरिअर. त्यानं लिहिलं, "लेन्स पूर्ण उघडी ठेवल्यास चित्र अंधुक येते. आत पांढुरकी झाक दिसते. किमतीच्या मानाने निराशा होते." कुंकवाचा उल्लेख करायचा नाही, असं त्यानं रात्रभर कूस बदलत ठरवलं होतं. दोष लेन्सवर ढकलायचा, रेघ कुणाला दिसायची नाही. बेइमानी होती, त्याला कळत होतं. कळत होतं म्हणून तो आणखीच चिडून लिहीत होता.

उज्ज्वला देवीला जाऊन आली ती घरात न जाता सरळ दुकानात आली. हातात आपट्याची पानं होती. ती न देताच काउंटरवर ठेवत म्हणाली, "काय लिहायलाव?"

"काय लिहिणार? खराब हाय म्हणून लिहितोय. का खराब हाय ते लिहीत न्हाई, तुझं नशीब."

"पप्पूची मिशी बघितली का?"

"आता तूबी सुरू कर."

"मी अर्धा तास फ्लेक्सखाली उभी व्हते. दहा फुटी छपाई, आन मिशीचा केस न् केस सुटा. कुंकवानं काच खराब झाली आसती तर ती मिशी कशी आली आसती? बिघडायचं तर समदंच बिघडलं आसतं."

आश्रुबाच्या हातातला पेन थांबला. उज्ज्वलानं त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसली आणि एकेक फोल्डर उघडायला लागली. चंद्रभागाबाई अंधुक, पण तिच्या मागच्या पोत्यावरची अक्षरं कोरल्यासारखी. मास्तर अंधुक, मागच्या फळ्यावरचा सुविचार सुस्पष्ट. बायनाबाईचे डोळे पुसट, आणि तिच्या मागं शटरच्या पट्टीवरचा गंज कणाकणानं मोजावा असा.

"हे समदे खंडेनवमीच्या आधीचे हायेत," ती म्हणाली. "तारखा बघा."

"मंग लेन्सच मागं फोकस करती. बनवतानाच चुकली आसंल."

"ती स्वतःहून कुठं करती? तुमीच तर गावाला सांगत फिरलाव, हातानं जुळवायचा म्हणून." उज्ज्वलानं कॅमेरा उचलला. "बसा त्या स्टुलावर. दाराकडं तोंड करा."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"बसा म्हणते ना."

तो बसला. तिनं खिडकीला डोळा लावला, रिंग डावीकडे फिरवली, थोडी उजवीकडे आणली आणि खटका दाबला. परत जुळवून आणखी तीन. सगळं मिळून मिनिटही लागलं नाही. मग तिनं कार्ड काढून फोटो मॉनिटरवर आणला, आणि आश्रुबानं गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा ती लेन्स काय चीज आहे ते पाहिलं. पापणी मोजून घ्यावी असा फोटो. गालावरचा चुकलेला दाढीचा खुंट, भुवईतला एकुलता पांढरा केस, कपाळावरच्या घामाचे बारीक थेंब, आणि मागचं सगळं दुकान मऊ होऊन विरघळलेलं. चारही फोटो तसेच. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण फोटो त्यानं काढलेला नव्हता.

उज्ज्वलानं फोटो मोठा केला. डावा डोळा. काळ्याभोर बाहुलीत दाराची चौकट, अर्धं शटर, बाहेरची मोटारसायकलसुद्धा दिसत होती. तिनं माउस सरकवला. उजवा डोळा. तिचा हात थांबला.

उजव्या बाहुलीत दार नीट दिसतच नव्हतं. त्याच्यामागं, आत, दुधाचा थेंब पडून पसरावा तशी राखाडी-पांढरी झाक होती.

मग उज्ज्वला उठली आणि तिनं आपला तळहात त्याच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. आपट्याच्या पानांचा हिरवा वास आला.

"म्होरल्या कॅलेंडरावर काय लिहिलंय?"

भिंतीवर कॅलेंडर आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून ते दिसलं. महिना दिसला नाही. देवीचं चित्र दिसलं नाही. ओल्या धोतराआडून बघावं तसा एक चौकोन होता, बस. दोन्ही डोळे उघडे असताना डावा सगळं सांभाळून घेत होता. ऑटो लेन्स असली की फोकस कॅमेराच जुळवत होता. डोळा मिटून फक्त उजव्यानं बघायची वेळ खिडकीतच यायची, आणि तिथल्या धुक्याला त्यानं दहा दिवसांत धूळ म्हटलं, वारा म्हटलं, भाजीवाली म्हटलं, शेवटी बायकोचं कुंकू म्हटलं.

त्याला बायनाबाई आठवली. श्वास धरून लाल झालेली, आणि तिला तीनदा "हालू नको" म्हणणारा आपला आवाज. लाज वाटली, अगदी कानापर्यंत. आणि भीती वाटली. सत्तावीस वर्षं ज्या डोळ्याच्या जिवावर मिरवलो तोच गेला, ही भीती.

"मोतीबिंदू हाय," उज्ज्वला म्हणाली. "आपरेशननं निघतो. माझ्या मामाचा निघाला."

"कुंकवाचं तुला उगंच बोललो."

"उगंच न्हाई, लई बोललात. देवीलाबी बोललात." तिनं हात काढला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "आता ते कागद फाडा. दुपार झाली. दहा फोटो धाडायचेत ना?"

ती कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडली. लोक एकमेकांना सोनं देत हिंडत होते, सगळे नव्या कपड्यांत, उजेड तिरपा पडलेला. चंद्रभागाबाईनं तिच्याकडे बघून तराजू खाली ठेवला. सिदूच्या टोळीचा ट्रक भरत होता, तिथं बायनाबाई कोयत्याला लावलेलं कालचं कुंकू पुसट झालं म्हणून पुन्हा लावत होती. फ्लेक्सखाली पप्पू स्वतःच्या मिशीकडे मान वर करून बघत उभा होता, तोही तिनं घेतला. संध्याकाळपर्यंत नऊ फोटो झाले. एकेक बघताना आश्रुबाला बोट ठेवायला जागा सापडेना, आणि सापडत नाही म्हणूनही तो चिडत होता.

दिवेलागणीला तो सांगत गेला आणि उज्ज्वला टाइप करत गेली. लेन्समध्ये दोष नाही. पूर्ण उघडी ठेवूनही चित्र लखलखीत येते. रिंग उत्तम. वजन जास्त, मान दुखते. पहिले दोनशे चौदा फोटो बिघडले ते परीक्षकाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्यामुळे, आणि तो आहे हे कबूल करण्याऐवजी त्याने गावाला नावे ठेवल्यामुळे. खंडेनवमीला लेन्सची पूजा झाली. कडेला गुलाबी रेघ राहिली आहे. तिच्याने चित्रात फरक पडत नाही, पण सांगणे आमचे काम आहे.

"हे सांगितल्यावर ते काम देतेल का?" टाइप करता करता उज्ज्वलानं विचारलं.

"न्हाई देणार. आंधळ्याला कोण लेन्स धाडतंय? लिही."

"नऊच फोटो झालेत. दहावा कोणता जोडू?"

आश्रुबानं मॉनिटरकडे मान केली. सकाळचा फोटो अजून तिथंच उघडा होता, उजवी बाहुली हाताच्या पंजाएवढी, आतल्या पांढऱ्या झाकेसकट.

"तो जोड," तो म्हणाला. "दहा दिवस मला मोतीबिंदू सापडला न्हाई, लेन्सला एका खटक्यात सापडला. हिच्याहून मोठी परीक्षा काय आसती लेन्सची?"

उज्ज्वलानं तो जोडला. मग शेवटच्या ओळीवर येऊन ती थांबली. परीक्षकाचे नाव, असं तिथं छापलेलं होतं.

"तुमचं टाकू ना?"

ते नाव तिथं लागावं म्हणून आश्रुबा दहा दिवस झोपला नव्हता. मग काउंटरवर सकाळपासून पडलेली आपट्याची पानं त्यानं उचलली, तिच्या हातावर ठेवली, आणि वैतागलेल्या आवाजातच म्हणाला, "मला कावून विचारती? ज्याला दिसतंय त्याचं टाक."